‘क्लास’ म्हणजे नेमके काय?

नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्याच्या एसटी थांब्यावर सकाळी अर्धा तास कान उघडे ठेवून उभे राहावे. दप्तर पाठीला लावलेली मुलगी मैत्रिणीला सांगत असते, “काल माझा क्लास बुडाला.” शेजारी उभी असलेली आई दुसरीला विचारते, “पोराला नंदुरबारला क्लास लावला का?” कुणी म्हातारे बाबा रस्त्यावरच्या खड्ड्यांकडे बोट दाखवून म्हणतात, “एकदम थर्ड क्लास काम!” आणि एखादा तरुण नव्या शर्टाकडे पाहून मित्राला शाबासकी देतो, “क्लास दिसतोय भाऊ!” घरात कुणी भिली बोलतो, कुणी मावची, कुणी अहिराणी, तर कुणाच्या बोलण्यात गुजरातीचे वळण असते. पण ‘क्लास’ हा शब्द मात्र या सगळ्यांच्या ओठावर सारखाच बसला आहे. तो इंग्रजी आहे हेही आता कुणाच्या लक्षात येत नाही.

शब्द एक, पण त्याचे अर्थ किती? साहेबाने खडसावले तर “साहेबांनी क्लास घेतला.” परीक्षेत साठ टक्के मिळाले तर “फर्स्ट क्लास आला.” मोठा अधिकारी झाला तर “क्लास वन झाला.” आगगाडीचा डबा क्लासचा, सिनेमा ‘क्लास’चा की ‘मास’चा, आणि माणूस ‘मिडल क्लास’चा की ‘लोअर क्लास’चा! बोलताना आपण अर्थ बरोबर ओळखतो. तिथे फारसे बिघडत नाही. पण हाच शब्द जेव्हा कागदावर येतो, म्हणजे गुणपत्रिकेवर, प्रवेशाच्या अर्जावर, कोर्टाच्या समन्सवर, शेताच्या सातबाऱ्यावर, तेव्हा त्याचा अर्थ चुकला तर पैसा जातो, संधी जाते आणि कधी कधी जमीनही जाते. म्हणून या एका शब्दाची घरोघर ओळख करून घ्यावी, असे आम्हाला वाटले. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी हा मजकूर आई-वडिलांना, आजी-आजोबांना वाचून दाखवावा, ही विनंती.

शब्दाचे मूळ : मालमत्तेची मोजणी

वाचकहो, ‘क्लास’ या शब्दाचे मूळ प्राचीन रोममध्ये आहे. लॅटिन भाषेत ‘क्लासिस’ असा शब्द होता. रोमच्या परंपरेप्रमाणे सर्व्हियस टुलियस नावाच्या राजाने प्रजेची मोजणी केली. ही मोजणी नुसत्या डोक्यांची नव्हती, मालमत्तेची होती. कुणाकडे किती संपत्ती आहे ते पाहून नागरिकांचे पाच वर्ग पाडण्यात आले. पहिल्या वर्गात सर्वांत श्रीमंत. युद्धाला जाताना कुणी कोणती शस्त्रे आणायची आणि सभेत मत देताना कुणाचा शब्द आधी मोजायचा, हे त्या वर्गावर ठरे.

आणि ज्यांच्याजवळ काहीच नव्हते, त्यांचे काय? ते पाचव्या वर्गाच्याही खाली. त्यांना ‘प्रोलेतारी’ म्हणत. लॅटिनमध्ये ‘प्रोलेस’ म्हणजे संतती, लेकरेबाळे. राज्याला देण्यासारखे ज्यांच्याजवळ लेकरांखेरीज काही नाही, ते प्रोलेतारी! कामगार चळवळीच्या भाषणांत आपण जो ‘प्रोलेटरिएट’ शब्द ऐकतो, त्याचा जन्म इथला.

आता गंमत पाहा. एखाद्या जुन्या, उत्तम ग्रंथाला किंवा गाण्याला आपण ‘क्लासिक’ म्हणतो. हा शब्दही त्याच घरातला. ‘क्लासिकस’ म्हणजे वरच्या वर्गातला, श्रीमंतांच्या यादीतला. दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस नावाच्या रोमन लेखकाने हाच शब्द लेखकांना लावला. वरच्या दर्जाचा लेखक तो क्लासिकस आणि त्याच्या उलट तो प्रोलेतारी! म्हणजे आधी पैशाची उतरंड होती, मग तीच गुणांची उतरंड म्हणून वापरात आली. ज्याच्याजवळ धन त्याच्याजवळ गुण, ही समजूत या शब्दाच्या पोटात तेव्हापासून बसलेली आहे. आज आपण “काय क्लास घर आहे!” म्हणतो, तेव्हा त्यात तीच जुनी समजूत बोलत असते.

इंग्रजीत हा शब्द आला तो आधी रोमचा इतिहास सांगताना आणि शाळेतल्या तुकड्यांसाठी. समाजातल्या थरांसाठी तो सरसकट वापरला जाऊ लागला, ते अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्या शतकात, गिरण्या आणि कारखाने उभे राहिले त्या काळात. अप्पर क्लास, मिडल क्लास, वर्किंग क्लास हे शब्द त्या काळातले.

शाळेतला क्लास

इंग्रजीचा ‘क्लास’ एकच असला तरी आपल्या मराठीने त्याच्यासाठी वेगवेगळे शब्द ठेवले आहेत. मूल कितवीत आहे ते सांगताना आपण ‘इयत्ता’ म्हणतो. ज्या खोलीत ते बसते तो ‘वर्ग’. वेळापत्रकातला एक क्लास म्हणजे ‘तास’. निकालातला क्लास म्हणजे ‘श्रेणी’. गाडीतला क्लास म्हणजे ‘दर्जा’. म्हणजे इंग्रजी जिथे एका पिशवीत सारे भरते, तिथे मराठी पाच डबे करते. मुलांना इंग्रजी कठीण जाते ते पुष्कळदा यामुळेच. मूल एक अर्थ पाठ करते आणि पुस्तकात भलताच अर्थ समोर येतो.

पण आपल्या ‘वर्ग’ शब्दालाही कमी समजू नका! गणिताच्या तासाला पाचाचा वर्ग पंचवीस. व्याकरणात क, ख, ग, घ, ङ हा क-वर्ग. बँकेत पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेले की “रक्कम वर्ग केली.” शब्द अनेक अर्थांचे ओझे वाहतात ही काही इंग्रजीचीच खोड नव्हे. म्हणून मुलाला अर्थ विचारताना “या शब्दाचा अर्थ काय?” एवढेच विचारू नये, “या वाक्यात त्याचा अर्थ काय?” असे विचारावे.

दहावीच्या निकालात ७५ टक्के व त्यापुढे विशेष प्रावीण्य, ६० टक्क्यांपासून प्रथम श्रेणी, ४५ टक्क्यांपासून द्वितीय श्रेणी आणि ३५ टक्क्यांवर उत्तीर्ण, हे घरोघर माहीत आहे. ५९ टक्के मिळालेल्या मुलीला घरी-दारी ‘सेकंड क्लास’ ऐकावे लागते आणि साठवाल्याला पेढे! या दोघांत अंतर एका टक्क्याचे. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के होती, महाराष्ट्रात सर्वांत कमी. अशा जिल्ह्यात ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी दहावीपर्यंत पोचले, त्या मुलीच्या ५९ टक्क्यांमागे किती पायपीट असेल, याचा हिशेब गुणपत्रिकेवरचा क्लास ठेवत नाही. तो फक्त त्या परीक्षेपुरता असतो.

शाळेच्या वर्गात बसण्याचा हक्कसुद्धा आपल्या लोकांना सहज मिळालेला नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला तेव्हा तो नाकारण्यात आला. त्या काळी सरकारचे शैक्षणिक धोरण असे होते, की आधी वरच्या वर्गांना शिकवावे, मग ज्ञान आपोआप झिरपत खाली येईल. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देऊन या झिरपण्याच्या धोरणावर बोट ठेवले. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, हे त्यांनी दाखवून दिले व प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमराव वर्गात होते, पण त्यांना वेगळे गोणपाटावर बसावे लागे, आणि ते गोणपाटही घरून आणावे लागे. वर्गात असून वर्गाबाहेर! ‘क्लास’ शब्दाचा हा अर्थ कोणत्याही शब्दकोशात सापडणार नाही.

गाडी, कचेरी आणि कोर्ट

सुरत-भुसावळ मार्गावरच्या नंदुरबार स्टेशनातून गाडी धरणाऱ्या जुन्या मंडळींना रेल्वेचा थर्ड क्लास चांगला आठवत असेल. लाकडी बाके, खचाखच गर्दी आणि सर्वांत स्वस्त तिकीट. १९७४ साली रेल्वेने थर्ड क्लास हे नावच काढून टाकले. तरी शिवी म्हणून तो शब्द आपल्या बोलण्यात राहून गेलाच. “थर्ड क्लास माणूस” असे आपण सहज म्हणतो. पण त्या डब्यातून प्रवास कोण करत होते? आपलेच आजे-पणजे, गिरणीत कामाला निघालेले, रेल्वेच्या रुळावर राबणारे. ज्यांच्याकडे वरचे तिकीट काढण्याइतके पैसे नव्हते, त्यांच्या डब्याचे नाव आपण शिवी म्हणून वापरावे का? घरात मुलांच्या तोंडी हा शब्द आला तर त्यांना एवढा इतिहास जरूर सांगावा.

सरकारी नोकरीत क्लास वन, टू, थ्री आणि फोर. आता कागदोपत्री गट-अ, गट-ब, गट-क, गट-ड म्हणतात, पण बोलण्यात अजून “क्लास वन ऑफिसर” आणि “क्लास फोरचा शिपाई” चालूच आहे. हा क्लास पदाचा आहे. त्या पदाची जबाबदारी, पगार आणि अधिकार यांचा आहे. क्लास फोरच्या नोकरीत आयुष्य काढून मुलांना डॉक्टर, प्राध्यापक केलेले वडील आपल्या प्रत्येक वस्तीत भेटतात. त्यांची पायरी नोकरीच्या कागदावर चौथी होती. घराला पुढे नेण्यात ते पहिले होते.

कोर्टात तर या शब्दाचा अर्थ अगदीच निराळा. ‘प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी’ हे नाव समन्सवर वाचून पुष्कळजण घाबरतात. त्यांना वाटते, प्रथम वर्ग म्हणजे आपला गुन्हा फार मोठा असणार! तसे मुळीच नाही. इथे वर्ग आरोपीचा नाही, गुन्ह्याचाही नाही. तो त्या न्यायाधीशाच्या अधिकाराचा आहे. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची शिक्षा देता येते, द्वितीय वर्गाला एक वर्षापर्यंतची. समन्सवर नाव कसेही असो, त्यावरची तारीख पाळावी आणि वकिलाला दाखवावे. घाबरून घरी बसणे मात्र टाळावे.

कामगार वर्ग एक, दारे दोन

आता समाजातल्या ‘क्लास’कडे येऊ. कामगारांचा एक वर्ग, मालकांचा दुसरा, असे कामगार चळवळीने सांगितले आणि त्यात मोठे सत्य आहे. पण मुंबईच्या कापड गिरण्यांत काय होते? कामगार वर्ग एक म्हणावा, तर विणाईच्या खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा इतरांना चालत नसे. त्या खात्यात मजुरी चांगली होती. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. घाम सारखा, मालक तोच, झेंडाही तोच. पण एका दारातून आत जायला बंदी!

बाबासाहेबांनी या गोष्टीचा विचार फार आधी केला होता. १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. वर्ग प्रत्येक समाजात असतात, पण ज्या वर्गाने आपली दारे बंद करून घेतली त्याची जात बनली, अशी त्यांची मांडणी होती. ही गोष्ट आपल्या आया-बहिणींनाही सहज समजेल. गरीब माणूस शिकला, कमावू लागला तर वर्ग बदलू शकतो. जात मात्र पगारवाढीने बदलत नाही. क्लास आणि कास्ट यांच्यात असे हे अंतर आहे.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. खानदेशाच्या उंबरठ्यावरचे हे गाव. रेल्वेत अस्पृश्य कामगार पुष्कळ होते, पण बहुतेक गँगमन म्हणून रुळावर. पोर्टरची साधी जागाही त्यांना मिळणे कठीण, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरातली कामे करून घेत आणि अस्पृश्य माणूस घरात कसा चालेल? कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे बाबासाहेबांनी तिथे बजावून सांगितले. त्या परिषदेच्या इंग्रजी नावातच ‘डिप्रेस्ड क्लास’ आणि ‘वर्कमेन’ हे दोन्ही शब्द होते. एकाच माणसाच्या खांद्यावरची ही दोन ओझी होती.

अर्जावरचा ‘सी’

हा ‘डिप्रेस्ड क्लासेस’ शब्द इंग्रज सरकारने आणि सुधारकांनी वापरात आणला. १९०६ साली महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले, तेव्हा त्याच्या मराठी नावात ‘निराश्रित’ असा शब्द आला. निराश्रित म्हणजे ज्याला आसरा नाही तो. पण आपले लोक निराधार पडलेले नव्हते, ते दाबले गेले होते, हे बाबासाहेबांच्या चळवळीने जगापुढे आणले. पुढे १९३५ च्या कायद्यात ‘शेड्यूल्ड कास्ट’ हा शब्द आला. शेड्यूल म्हणजे यादी, अनुसूची. म्हणून अनुसूचित जाती. आणि १९५६ नंतर बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या त्या यादीतल्या सवलती मिळायला १९९० साल उजाडावे लागले, हे आपण जाणताच.

आज मुलांचे अर्ज भरताना एससी, एसटी, ओबीसी अशी अक्षरे येतात. इथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा. एससीमधला ‘सी’ म्हणजे कास्ट, जात. ओबीसीमधला शेवटचा ‘सी’ म्हणजे क्लास, वर्ग. एसटीमधला ‘टी’ म्हणजे ट्राइब, जमात. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या मोजणीप्रमाणे सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. आणि ‘बी.सी.’ म्हणजे बॅकवर्ड क्लास हा मोठा शब्द; मराठीत ‘मागासवर्गीय’. काही ठिकाणी या एका शब्दात सर्व येतात, तर काही ठिकाणी तो एखाद्या ठरावीक गटासाठीच असतो. अर्जावर ‘बी.सी.’ दिसले म्हणून डोळे मिटून खूण करू नये. खालची सूचना वाचावी, आपला दाखला कोणत्या प्रवर्गाचा आहे ते पाहावे, मगच पेन टेकवावे. चुकीच्या चौकोनातली खूण दुरुस्त करून घेताना तहसील कचेरी, शाळा आणि ऑनलाइन केंद्र यांच्या किती फेऱ्या होतात आणि त्यात किती दिवसांची मजुरी बुडते, हे धानोऱ्यासारख्या गावातल्या पालकांना आम्ही सांगायला नको.

राज्यघटनेतही हा शब्द आहे. कलम १५ मध्ये १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने चौथे पोटकलम आले, ते सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास ‘वर्गां’साठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी. इथला वर्ग म्हणजे जात की नाही, यावर वर्षानुवर्षे कोर्टात वाद झाले. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी मंडल आयोगाच्या खटल्यात निकाल दिला, की जात हासुद्धा एक सामाजिक वर्ग असू शकतो. एका शब्दाच्या अर्थावर लाखो मुलांच्या नोकऱ्या अवलंबून होत्या! शब्दांचा अभ्यास हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे ज्याला वाटते त्याने हा निकाल आठवावा.

आणि ‘मागास’ या शब्दाने मुलांनी मान खाली घालण्याचे कारण नाही. घटनेत तो शब्द आला तो माणसाची बुद्धी मोजण्यासाठी नव्हे. समाजाने ज्यांना मागे ठेवले, त्यांचे देणे फेडण्याची जबाबदारी सरकारवर टाकण्यासाठी तो आला आहे.

सातबाऱ्यावरचा ‘वर्ग २’

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आम्ही हा लेख लिहायला घेतला तो मुख्यतः यासाठी.

शेताचा सातबारा उतारा हातात घ्या. त्यावर ‘भू-धारणा पद्धती’ अशी एक नोंद असते. तिथे ‘भोगवटादार वर्ग १’ किंवा ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले दिसेल. इंग्रजीत ऑक्युपंट क्लास वन आणि क्लास टू. आता ज्याने आयुष्यभर फर्स्ट क्लास म्हणजे उत्तम आणि सेकंड क्लास म्हणजे दुय्यम असे ऐकले, तो काय समजणार? त्याला वाटते, आपली जमीन हलकी आहे, दोन नंबरची आहे, तिला किंमत नाही. आणि एखादा दलाल नेमका तेवढाच धागा पकडतो. “बाबा, तुमची तर सेकंड क्लास जमीन. कोण घेणार? मी आहे म्हणून एवढे तरी देतो. करा अंगठा!”

वाचकहो, हे साफ खोटे आहे. या वर्गाचा मातीच्या कसाशी काहीही संबंध नाही. काळीभोर, बारमाही पाण्याची जमीन वर्ग २ असू शकते आणि खडकाळ माळ वर्ग १. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २९ मध्ये हे वर्ग सांगितले आहेत. ज्या जमिनीच्या विक्रीवर किंवा हस्तांतरावर बंधन नाही, तिचा धारक वर्ग १. ज्या जमिनीच्या हस्तांतरावर सरकारचे बंधन आहे, तिचा धारक वर्ग २. गावात यालाच ‘नवीन शर्तीची जमीन’ म्हणतात. अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या, बहुधा जिल्हाधिकाऱ्यांच्या, परवानगीशिवाय विकता येत नाही. विकली तर शर्तभंग होतो आणि सरकार ती जमीन परत ताब्यात घेऊ शकते. म्हणजे पैसे घेणाराही अडकतो आणि देणाराही.

ही बंधनाची जमीन कुणाकडे असते? भूमिहीनांना सरकारने दिलेली जमीन, सिलिंगच्या कायद्यातून वाटलेली जमीन, धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेली जमीन. नंदुरबार जिल्ह्यात हे नवे नाही. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे सापडली. आणि महार वतनाची जमीन. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले होते, कारण वतनाच्या तुकड्यापायी सारा समाज गावकीच्या वेठीला बांधला गेला होता. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली आणि त्या जमिनी मूळ कुटुंबांना शर्तीवर पुन्हा देण्यात आल्या. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली खानदेशात आणि इतरत्र, व १९६४ साली देशभर, भूमिहीनांनी सत्याग्रह करून तुरुंग भरले, तेही जमिनीच्या तुकड्यासाठीच.

म्हणजे पाहा, वर्ग २ हा शिक्का पुष्कळदा त्या जमिनींवर आहे, ज्या कष्टकऱ्यांना लढून मिळाल्या किंवा मोबदला म्हणून मिळाल्या. बंधन घालण्यामागचा हेतू हाच, की अडचणीच्या वेळी, लग्नाच्या किंवा आजारपणाच्या कर्जापायी ती जमीन कवडीमोलाने सावकाराच्या घशात जाऊ नये. आदिवासी कुटुंबांच्या जमिनीला तर याच संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ चे वेगळे संरक्षण आहे. १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आणि त्याआधी राज्य सरकारची मान्यता लागते. हे बंधन ‘इतर अधिकार’ या रकान्यात नोंदलेले असते. तो रकाना बारीक अक्षरांत असतो म्हणून वाचायचा सोडू नये.

बंधनाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वर्ग २ च्या जमिनीवर कर्ज काढताना किंवा वाटणी करताना कधी कधी अडचण येते, परवानगीसाठी हेलपाटे पडतात. काही प्रकारच्या जमिनी ठरावीक रक्कम भरून वर्ग १ करून घेण्याची सोय आहे. २०१९ साली त्याचे नियमही झाले. पण ही सोय सर्व जमिनींना सारखी लागू नाही. जमीन कोणत्या कायद्याखाली मिळाली, यावर सारे ठरते. म्हणून “मी वर्ग एक करून देतो, फक्त इथे सही करा” असे म्हणणाऱ्याला आधी विचारा, कोणत्या कायद्याखाली? किती रक्कम? पावती कोण देणार? तलाठी आणि तहसील कार्यालयातून लेखी उत्तर घ्या. सहीच्या आधी उतारा घरातल्या शिकलेल्या मुलीला वाचायला द्या. तिच्या शिक्षणाचा उपयोग इथे नाही करायचा तर कुठे?

तीन प्रश्न

एवढे अर्थ लक्षात कसे ठेवायचे, असे कुणी विचारील. सारे पाठ करण्याची गरज नाही. कागदावर ‘क्लास’, ‘वर्ग’, ‘श्रेणी’ यांपैकी काही दिसले की तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हा वर्ग कशाचा आहे? माणसाचा, पदाचा, गुणांचा, की जमिनीच्या हक्काचा? दुसरा, तो कुणी ठरवला आणि कोणत्या नियमाने? तिसरा, त्यामुळे आपल्याला काय मिळते आणि काय अडते?

या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की शब्दाची भीती जाते. मग प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे समन्स पाहून पाय कापत नाहीत, सेकंड क्लासच्या गुणपत्रिकेने मूल कोमेजत नाही आणि वर्ग २ चा सातबारा कुणी फसवून नेऊ शकत नाही.

रोमच्या राजाने मालमत्ता मोजून माणसांचे पाच ढीग केले, त्याला पंचवीस शतके लोटली. आजही हा शब्द माणसांना ढिगात घालण्याचेच काम बहुधा करतो. पण ढीग करणारा कोण आणि कशासाठी, हे विचारणारी माणसे आता घराघरात तयार झाली आहेत. आज रात्री जेवणे आटोपली की पेटीतले कागद बाहेर काढा. उतारा, दाखले, गुणपत्रिका. मुलांना जवळ बसवा आणि त्यांच्याकडून एक-एक ओळ मोठ्याने वाचून घ्या. घरातला हा क्लास कोणतीही फी न भरता चालतो, आणि त्यात आई-वडील व मुले एकाच वर्गात बसतात.